विमान वर कां राहतें?

शाळांतून विज्ञानप्रदर्शनाचे दिवस जवळ आले, कीं सोलापुरांत नव्या पेठेंतील दुकानांत पुठ्ठा, थर्माकोल व रंगीत कागद यांस मागणी वाढते. ९ जून २०२५ रोजीं येथून गोव्याची विमानसेवा सुरू झाली. तेव्हां मुलांनीं विमान हा विषय निवडावा, हें साहजिकच आहे. परंतु पुढें घडतें तें असें: नमुना वडील करतात, तक्ता काका लिहितात, आणि मूल हातांत छडी घेऊन शेजारीं उभें राहतें.

त्या तक्त्यावर बहुधा एकच उत्तर असतें. पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून तेथील हवेस मार्ग लांब. खालच्या हवेस मागील कडेपाशीं गांठण्याकरितां ती वेगानें धांवते आणि वरचा दाब कमी होतो. यांतील वेगाची व दाबाची गोष्ट खरी आहे. पण दोन्ही प्रवाहांनीं एकाच वेळीं पोहोंचावें, असा निसर्गाचा मुळींच दंडक नाहीं. प्रत्यक्षांत वरची हवा आधींच पुढें निघून जाते. शिवाय पतंगाचा कागद दोन्ही अंगांनीं सारखाच असतो. तरी तो चढतोच!

खरें कारण सोपें आहे. पंख वाऱ्याशीं किंचित् तिरपा राहून हवेला खालीं वळवितो, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणें हवा पंखाला वर लोटते. हीच गोष्ट दाबाच्या भाषेंत सांगावयाची, तर पंखाच्या वर दाब कमी व खालीं अधिक असतो. गोव्याच्या फेरीस आलेल्या एटीआर ७२ जातीच्या विमानाचें भरलेलें वजन सुमारें २३,००० किलो, व पंखांचें क्षेत्रफळ ६१ चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरवर सुमारें ३७५ किलो भार पडला. वातावरणाचा दाब तेवढ्याच जागेवर १०,००० किलोंहून अधिक असतो. शेंकडा चारांहूनही कमी अशा फरकावर एवढें विमान तरंगतें!

हें घरींच पडताळतां येतें. चमचा दोन बोटांत सैल धरून त्याची पाठ नळाच्या धारेस हलकेच टेकवावी. धार एका बाजूस वळते व चमचा उलट बाजूस, धारेकडे, ओढला जातो. पुढची पायरी मोजण्याची. पुठ्ठ्याचा पंख तारेनें जड ठोकळ्यावर बसवून तो स्वयंपाकघरांतील वजनकांट्यावर ठेवावा व समोर टेबलपंखा लावावा. पंखाचा कोन ०, ५, १०, १५, २० अंश असा बदलीत वजन किती उतरतें तें टिपावें. आरंभीं उतार वाढेल. एका मर्यादेनंतर ती वाढ थांबेल, कारण हवा पंखाच्या पाठीस धरून वाहीनाशी होते. विमानाच्या पंखाचें असें बहुधा १५ अंशांच्या आसपास होतें.

राईट बंधूंनीं दुसरें काय केलें? सायकली करून विकणाऱ्या त्या दोघांपाशीं शाळा पूर्ण केल्याचें प्रमाणपत्रही नव्हतें. छापील कोष्टकांशीं आपल्या ग्लायडरचा मेळ बसेना, तेव्हां १९०१ सालीं त्यांनीं लांकडी पेटीचा वातबोगदा केला व सुमारें २०० लहान पंख स्वतः तपासले. १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्यांचें विमान प्रथम १२ सेकंद उडालें, तें या मोजणीच्या बळावर.

एकत्र कुटुंबांत मुलास मदतीचे हात पुष्कळ, हें त्याचें भाग्यच. पण त्याच हातांनीं प्रयोग काढून घेतला, तर ज्ञान म्हणजे वडिलांनीं लिहून दिलेला तक्ता, एवढेंच तें शिकेल. आणि तक्ता चुकला, तर तें त्यास कधींच कळणार नाहीं. म्हणून घरांतील वडील मंडळींस आमची विनंति, कीं आजीनें चमचा द्यावा, काकांनीं कोन मोजण्यास शिकवावें. आंकडे मात्र मुलानें वा मुलीनेंच वहींत लिहावे, आणि ती वही, खाडाखोडीसकट, प्रदर्शनांत नमुन्याशेजारीं ठेवावी.