शतायुषी विमानाचे कौतुक

आमच्या सोनपेठेस विमान दिसते ते आभाळात ओढलेल्या पांढऱ्या रेघेसारखे; त्याचा आवाज बहुधा खाली पोहोचतही नाही. तेव्हा बी-52 या अमेरिकन बॉम्बफेकी विमानावर येथील एका विद्यार्थ्याने वाङ्मयमंडळात निबंध वाचला आणि श्रोत्यांनी टाळ्यांचा गजर केला, यात विमानविद्येच्या गोडीपेक्षा दीर्घायुष्याच्या कौतुकाचाच वाटा अधिक असला पाहिजे. ‘आजोबा अजून रणांगणात’ असा एकंदर सूर होता. त्या मुलावर आमचा रोष नाही. हा सूर त्याने छापील लेखांतून उचलला आहे, आणि आमचे भांडण त्या लेखांशी आहे.

निबंधातील माहिती खरी होती, हे प्रथमच कबूल करतो. 15 एप्रिल 1952 रोजी पहिले उड्डाण झाले. 744 विमाने बांधून 1962 मध्ये उत्पादन थांबले. आणि त्यांतील सुमारे 75 विमाने अद्याप उडत आहेत. त्यांची आठही जुनी इंजिने काढून रोल्स-रॉइसची नवी बसविण्याचे ठरले असून 2050 नंतरही ती ठेवावीत असा अमेरिकन वायुदलाचा मनोदय आहे. म्हणजे शंभरी भरली! पण ही शंभरी भरते कशाने? एक तर विमानाचा सांगाडा भक्कम आणि पोटात जागा मुबलक, म्हणून प्रत्येक पिढीला आपापली नवी अस्त्रे त्यात भरता आली. दुसरे, त्याची जागा घेण्यासाठी जी वेगवान विमाने निघाली ती कोणी फार महाग म्हणून, कोणी नाजूक म्हणून मागे पडली. तिसरे कारण मात्र कौतुकाच्या लेखांत आढळत नाही. ते असे की, ज्यांच्यावर हे विमान बॉम्ब टाकते त्यांच्यापाशी त्याला पाडण्याचे साधन बहुधा नसते. जेथे ते होते तेथे काय झाले? 1972 च्या डिसेंबरात हनोईवर दोन आठवडेही न चाललेल्या मोहिमेत पंधरा बी-52 पडली. त्याच दिवसांत बाख माई रुग्णालयावर बॉम्ब पडले, आणि 26 तारखेच्या रात्री खाम थिएन नावाचा भरवस्तीचा रस्ता उद्ध्वस्त झाला. पाडलेल्या एका विमानाचा तुकडा हनोईतील वस्तीतल्या तळ्यात अजून तसाच ठेवलेला आहे. विमानाचा ‘वारसा’ म्हणतात तो तेथेही जतन झालेला आहे. फक्त तो पाहण्यास आमचे लेखक जात नाहीत.

कोणी म्हणेल, परक्यांच्या विमानाची ही उठाठेव प्राध्यापकमहाशयांनी का करावी? बरे, घरचेच उदाहरण घेऊ. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचे कॅनबेरा विमान आपल्या वायुदलाने 1957 साली घेतले आणि 2007 साली निवृत्त केले. ही पन्नास वर्षे. 1961 मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या वतीने काँगोत गेले. 1965 मध्ये त्याने पेशावर आणि सरगोध्यावर हल्ले केले. आणि गंमत अशी की, त्याच युद्धात आमच्या तळांवर येणारी पाकिस्तानची बी-57 विमाने म्हणजे याच कॅनबेराचा अमेरिकेत बांधलेला अवतार होता. एकाच कुळातील दोन भाऊ रात्री एकमेकांची घरे जाळावयास निघाले! यंत्राला निष्ठा चिकटविणाऱ्यांनी या प्रसंगाचा अर्थ आम्हांस समजावून द्यावा.

परंतु मराठी वाचकाला जवळचा प्रसंग गोव्याचा. 18 डिसेंबर 1961 च्या सकाळी विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली पुण्याहून बारा कॅनबेरा निघाली आणि त्यांनी दाबोळीच्या धावपट्टीवर 63,000 पौंड वजनाचे बॉम्ब टाकले. मागाहून आणखी आठ विमाने आली. धावपट्टी फोडावयाची, पण विमानतळाच्या इमारतींना धक्का लावावयाचा नाही, असा हुकूम होता. इमारती वाचल्या. धावपट्टीही अशी फुटली की त्याच रात्री दोन पोर्तुगीज वाहतूक विमाने अधिकाऱ्यांचे कुटुंबीय घेऊन तिच्यावरून उडाली आणि कराचीमार्गे निसटली. युद्धशास्त्रज्ञ याला अपयश म्हणोत. स्त्रिया-मुले जिवंत गेली, याचे आम्हांस काडीमात्र दुःख नाही. गोवा मुक्त व्हावयास हवा होता, आणि तो हल्ला आम्हांस मान्य आहे. पण त्यात जे मानास्पद आहे ते त्या हुकुमात आहे. हुकूम माणसांनी दिला व माणसांनी पाळला. कॅनबेराला इमारत आणि धावपट्टी यांतील भेद कोठून कळणार?

उतारवयात या विमानाने काय केले तेही ध्यानात घ्यावे. त्याच्या पोटात बॉम्बच्या जागी कॅमेरे आले. 1999 च्या मे महिन्यात कारगिलवर छायाचित्रे घेत असता त्याच्या एका इंजिनावर क्षेपणास्त्र आदळले, तरी वैमानिकांनी ते श्रीनगरला सुखरूप उतरविले. या धैर्यासाठी खुशाल टाळ्या वाजवाव्यात, आम्हीही वाजवू.

आमचा खरा आक्षेप एका शब्दाला आहे. ‘सेवा’. साठ वर्षांची सेवा, सत्तर वर्षांची सेवा! येथे शेतावर जुने ऑइल इंजिन असते. खोकत, धूर ओकत ते पाणी उपसते. मालक त्याचा वायसर बदलतो, दोन शिव्या देतो, पण विकीत नाही. त्याने सेवा केली असे म्हटले तर ती कोणाची हे विचारावे लागत नाही, उसाचा हिरवा फड समोर उभा असतो. बॉम्बफेकी विमानाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारावाच लागतो, आणि तो टाळण्यासाठीच हा गोड शब्द योजलेला असतो. लाओसच्या शेतांत पन्नास वर्षांपूर्वी आकाशातून पडलेले न फुटलेले बॉम्ब आजही नांगरताना, खणताना फुटतात. त्यांतले कोणते बी-52 चे आणि कोणते दुसऱ्या विमानाचे, हे त्या शेतकऱ्याने कसे ओळखावे?

निबंध वाचणारा तो मुलगा शेतकऱ्याचाच आहे. सभा संपल्यावर आम्ही त्याला लाओसची हकीकत सांगितली. तो काही वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘‘सर, हे त्या लेखात नव्हतं.’’ पुढल्या सुट्टीत महाविद्यालयाची सहल गोव्याला न्यावयाची आहे. विमानाचे भाडे आम्हांस परवडणारे नाही, जाऊ ते बसनेच; पण वास्कोच्या वाटेवर दाबोळीची ती धावपट्टी लागते. तेथे गाडी थोडी थांबविण्यास चालकाला सांगून ठेवले आहे.