'डी' टाकला, गाडी विचारात पडली

पंधरा वर्षं उलटलेली ऑटोमॅटिक गाडी कुरकुरायला लागली की नाशकात सल्ला एकच मिळतो, "विकून टाका." मला तो पटत नाही. निदान गिअरबॉक्सचं ऑईल कुणी बघायच्या आत तरी नाहीच नाही!

आमची गाडी २००९ची. २०२४ मध्ये ग्रीन टॅक्स भरून पुन्हा पासिंग करून घेतलं. इंजिन ठणठणीत. पण हल्ली 'डी'मध्ये टाकली की दोन सेकंद विचार करते, मग धक्का देऊन निघते. चढावर इंजिन नुसतं ओरडतं, वेग काही वाढत नाही. एका सर्व्हिस सेंटरने खाली वाकूनही न बघता निकाल दिला, गिअरबॉक्स बदला. खर्च गाडीच्या किमतीहून जास्त.

आता गंमत बघा. या जुन्या गिअरबॉक्समध्ये ऑईल हे फक्त वंगण नसतं. त्याच्याच दाबावर आतले क्लच आवळले जातात आणि गिअर पडतात. ऑईल कमी झालं, जुनं झालं किंवा भलतंच भरलं, की नेमकी हीच लक्षणं दिसतात. त्यामुळे आधी ऑईलची पातळी, रंग आणि वास. लालसर असेल तर ठीक, काळपट आणि जळका वास असेल तर आतल्या क्लच प्लेट झिजल्याची शंका. मग सोलेनॉईड, वायरिंग, स्कॅनर. प्लेट खरंच जळाल्या असतील तर नवं ऑईल काही चमत्कार करत नाही, हेही खरं. पण ते बघून ठरवायचं ना?

घोळ असा की २०१४ मध्ये सेलेरिओ आली आणि स्वस्तातली एएमटी घरोघरी पोचली. ती म्हणजे आपला नेहमीचाच गिअरबॉक्स, क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं यंत्र करतं. टॉर्क कन्व्हर्टरवाली जुनी जात वेगळीच. लोक (आणि काही मेकॅनिकसुद्धा!) दोघींना 'ऑटो' म्हणून मोकळे होतात.

आणि हो, अशी गाडी कसारा घाटात बंद पडली तर दोरी बांधून टोचन अजिबात करू नका. गिअरबॉक्समधला ऑईलचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत, म्हणजे आतले भाग कोरडे घासणार. इंजिनाचीच चाकं उचलून न्या, नाहीतर सरळ आख्खी गाडी ट्रकवर चढवा. धक्का स्टार्टही विसरा.

"एवढा आटापिटा कशाला, नवी घे," असं पुण्याहून काकांचा फोन झालाच. काका, गाडी बाबा चालवतात. वय चौऱ्याहत्तर, डावा गुडघा क्लच दाबू देत नाही. नव्या गाडीला ओरखडा पडेल म्हणून ते ती बाहेरच काढणार नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. ही गाडी गेली की त्यांचं सकाळी एकट्याने सोमेश्वरला जाणं संपलं. मग रिक्षा, नाहीतर माझी वाट बघणं. कोटेशनमध्ये हा आकडा कुठेच नसतो.

असो. ऑईल दोनदा बदललंय. एका वेळी सगळं निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. चढावरचं घसरणं बरंच कमी झालंय, सुरुवातीचा धक्का मात्र आहे. पुढच्या आठवड्यात सोलेनॉईड तपासायचेत. तोवर बाबांना गंगापूर रोडपर्यंतच परवानगी आहे, आणि ते ती पाळत नाहीत.