खिडक्या बदलताना

पुण्यातल्या आमच्या जुन्या घराच्या सागवानी खिडक्या यंदाच्या पावसाळ्यात फुगल्या, लागेचनात. "सगळ्या काढा, अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग टाकू," कंत्राटदार म्हणाला. मीही जवळजवळ हो म्हणून बसलो होतो. बाबांची दुपार खिडकीशीच जाते. ते एवढंच म्हणाले, "मग वारा अर्धाच येणार."

खरंच की! दोन सरकत्या काचांची खिडकी कितीही सरकवा, निम्मीच उघडते. जुनी पूर्ण उघडते. शिवाय स्लायडिंगच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं धुळीने बुजली, की पाऊस घरात.

मग सुताराला बोलावलं. चौकटी शाबूत, फक्त दोन झडपा खालून कुजलेल्या. "रंधा दिवाळीनंतर मारू," तो म्हणाला. ओलं लाकूड आत्ता तासलं तर उन्हाळ्यात फटी पडतात.

रस्त्याकडची खिडकी मात्र बदलतोय. तिथे त्रास आवाजाचा आहे. म्हणून यूपीव्हीसी, पण सरकती नाही, झडपेचीच. रबरावर दाबून घट्ट बसते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले जुना कोड दिसला की आधी 'रीराइट' म्हणतो, बग नंतर शोधतो. घराचं तसं करू नका. कोटेशन मागवण्याआधी प्रत्येक खिडकीपाशी जरा उभे राहा. तिथे रोज कोण बसतं, तेही बघा.