वेग आणि सुबोधता

संगणकाची आज्ञावली लिहूं लागलेल्या आमच्या विद्यार्थिवर्गांत एक वाद वारंवार ऐकूं येतो. पानावर मजकूर उमटविण्यास ‘एको’ म्हणावें कीं ‘प्रिंट’? मजकूर एकेरी अवतरणचिन्हांत घालावा कीं दुहेरी? ह्यांत अधिक वेगवान् काय? हा वाद अगदींच निरर्थक नाहीं. परंतु त्यास दिलें जाणारें महत्त्व अस्थानीं आहे, असें आमचें नम्र मत आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. रास्मस लेर्डॉर्फ ह्यांनीं १९९५ सालीं लोकांपुढें ठेवलेली पीएचपी ही भाषा सर्व्हरवर चालते आणि वाचकाकडे जाणारें पान तेथेंच तयार करते. तींतील ‘एको’ ही आज्ञा स्वल्पविरामानें वेगळे केलेले अनेक तुकडे एकामागून एक पाठविते. ‘प्रिंट’ एकच तुकडा घेते व १ हा अंक परत करते. दुहेरी चिन्हांत चलाच्या जागीं त्याचें मूल्य येतें, एकेरींत चलाचें नांव जसेंच्या तसें राहतें. ह्या भेदांमुळें वेगांत पडणारा फरक इतका सूक्ष्म असतो कीं, पान पाहणारास तो जाणवत नाहीं. याउलट २०१५ सालीं पीएचपीची सातवी आवृत्ति निघाली, तेव्हां अनेक जुन्या आज्ञावल्या फारसा बदल न करतां सुमारें दुप्पट वेगानें चालूं लागल्या.

मग वेळ जातो कोठें? शाळेच्या निकालाचें पान घ्या. ४०० मुलांच्या गुणांसाठीं डेटाबेसला ४०० वेळां निरनिराळा प्रश्न विचारला, तर अवतरणचिन्हें कितीही काटकसरीनें वापरलीं तरी पान रेंगाळणारच. तेच गुण एका प्रश्नांत मागवावे; खरी बचत तेथें आहे. डोनल्ड नुथ ह्या विख्यात संगणकशास्त्रज्ञांनीं १९७४ सालींच बजावलें होतें कीं, १०० पैकीं सुमारें ९७ वेळां बारीकसारीक बचतीचा विचार सोडून द्यावा. उरलेल्या महत्त्वाच्या जागा मात्र दवडूं नयेत. त्या जागा अंदाजानें नव्हे, वेळ मोजून शोधाव्या.

सुबोधतेची गोष्ट निराळी. टिंबें व अवतरणचिन्हें ह्यांच्या गर्दींत एका मुलाच्या नांवापुढें दुसऱ्याचे गुण छापले गेले, तर ती चूक कोणास दिसणार? त्या मुलाच्या घरीं तर ते गुण खरेच मानले जातील! म्हणून आकडेमोड आधीं उरकावी, पान मागाहून मांडावें. लांब मजकूर ‘हियरडॉक’ पद्धतीनें, पानावर हवा तसाच सलग लिहावा. बाहेरून आलेला मजकूर छापण्यापूर्वीं त्यांतील कोनी कंस व अवतरणचिन्हें निरुपद्रवी करून घ्यावीं, म्हणजे कोणी खोडसाळपणें घुसडलेली आज्ञा वाचकाच्या यंत्रावर चालणार नाहीं.

पालकांसही एक विनंति आहे. मुलाचें काम पडद्यावर चालतें एवढ्यावरच संतोष मानूं नये. त्यानें लिहिलेलें त्याच्या सोबत्यास वाचतां येतें काय, हेंही विचारावें.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही शाळा सोडून गेल्यावर तुमची आज्ञावली खालच्या वर्गांतील कोणाच्या तरी हातीं पडेल. त्यास ती एका वाचनांत उमजेल, अशी लिहा. यंत्राचा वेग वाढविण्यास पुष्कळ लोक झटत आहेत. ह्या वाचकाची काळजी तुमच्यावांचून कोणी घेणार नाहीं.