वरकस सांभाळायचे तर मिळूनच

मुरबाड तालुक्यातल्या धसईकडे जमीन म्हटली की भाताचे खाचरच डोळ्यांपुढे येते. सातबाऱ्यावरचे वरकस कुणी जमेत धरत नाही. उतारावरची ही माळजमीन. तिच्यावर गवत, कुठे नाचणी-वरीचा तुकडा, ऐन-किंजळाची चार झाडे. गवत कापून विकायचे, राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडायच्या आणि उन्हाळ्यात तिला वणव्याच्या हवाली करायचे. मुंबईच्या गिऱ्हाइकाने फार्महाउससाठी बरा भाव दिला की तीही गेली. आमचे मत स्पष्ट आहे. या भागातल्या खाचरांचे आणि विहिरींचे पुढे काय होणार हे वरकसावरच ठरेल, आणि वरकस एकट्या खातेदाराला सांभाळता येणार नाही.

मुरबाड-शहापुरात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरी उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. तानसा, भातसाचे पाणी मुंबई-ठाण्याला जाते, हा अन्याय आहेच. पण पाड्यावरची विहीर धरणावर चालत नाही, ती तिच्या डोक्यावरच्या उतारात मुरलेल्या पाण्यावर चालते. वणव्यात गवताची ठोंबे आणि पालापाचोळा जळतो. उघडी पडलेली माती पहिल्याच जोरदार सरीबरोबर ओढ्यात उतरते आणि पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. एखाद्याने चर खणले, आंबा-काजूची रोपे जगवली, तरी शेजारच्या गटातून आलेली आग एका दुपारीत सगळे संपवते. असा हात पोळलेला माणूस पुन्हा झाड लावत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही.

उपाय शोधायला लांब जायला नको. नाणेघाट, आहुपे घाट चढून वर गेले की जुन्नर-आंबेगावचा मुलूख लागतो. तिथल्या महादेव कोळी समाजात पडकईची रीत आहे. उन्हाळ्यात सगळ्यांनी जमायचे आणि आळीपाळीने एकेकाच्या उतारावर दगडी बांध घालून खाचर काढायचे. ‘शाश्वत’ संस्थेच्या पाठपुराव्यामुळे हे काम रोजगार हमीत घेतले गेले. राबणाऱ्याला मजुरी मिळाली आणि बांध त्याच्याच जमिनीत राहिला. इकडे नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धत बसवली. गादीवाफ्यावर टोकणी करायची. राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची. राब थांबला की फांद्यांची तोड थांबते, म्हणजे खाचरातल्या या बदलाने वरकसही वाचते. ज्या राबावरून ठाणे-कुलाब्याचे शेतकरी आणि जंगल खाते यांच्यात एवढा झगडा झाला की 1885 मध्ये सरकारला आयोग नेमावा लागला, त्या राबाची गरजच उरत नाही.

अडचण आहे ती कागदावर. फळबाग असो, बांबू असो, समतल चर असो, योजना खातेदाराप्रमाणे मंजूर होते. उताराला गट नंबर कळत नाहीत. लगतच्या दहा-बारा खातेदारांची संमती घेऊन त्यांच्या सलग वरकसाचे एकच अंदाजपत्रक करायला पंचायत समितीने आणि कृषी खात्याने तयार व्हायला हवे. दुसरे म्हणजे झाडे वाढली की सातबाऱ्यावर ‘वन’ असा शेरा येईल, ही भीती. 1975 च्या खाजगी वन संपादन कायद्यानंतर कोकणाने जे सोसले, त्यातून ती आली आहे आणि ती खोटी म्हणता येणार नाही. नव्याने लावलेल्या झाडांमुळे मालकी जाणार नाही, असे तहसीलदारांनी ग्रामसभेत येऊन लेखी सांगावे. खाजगी जमिनीतला बांबू 2017 च्या दुरुस्तीने वनकायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून निघाला आहे, हेसुद्धा सांगावे. कित्येकांना ते ठाऊकच नाही.

या कामात कातकरी कुटुंबांना केवळ मजूर धरू नये. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या नावावर सातबारा नाही, पण वरकसावरची गुळवेल, हिरडा, मोह यांची जाण सर्वांत जास्त त्यांनाच आहे. शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेल थेट औषध कंपन्यांना विकून ते दाखवूनही दिले. राखणीत त्यांचा वाटा असेल तर उत्पन्नातही असलाच पाहिजे.

धसईकर एका निर्णयावर येऊ शकतात, हे 1 डिसेंबर 2016 ला महाराष्ट्राने पाहिले. त्या दिवशी इथल्या बाजारपेठेने रोकडरहित व्यवहार स्वीकारले आणि गावाचे नाव राज्यभर झाले. तीच एकजूट आता जमिनीसाठी हवी आहे. धसई आणि आसपासच्या पाड्यांवरच्या खातेदारांना आमची विनंती आहे : 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत लगतच्या वरकसाचे गट नंबर एकाच अर्जावर लिहून गावाच्या कामांच्या आराखड्यात घालायला लावा, आणि 26 जानेवारीच्या सभेत वणवा अडवणारी जाळरेषा काढायचा दिवस ठरवून घ्या. फेब्रुवारी उजाडल्यावर फार उशीर होतो.