पार्सल पोहोचलं, पण कोणाच्या हातात?

मिरजेच्या आमच्या ओळखीच्या एक आपा घरून बेदाणा आणि हळद विकतात. ऑर्डर ऑनलाइन येते, पैसे आधी जमा होतात, मग आपा पार्सल पाठवतात. रमजानच्या आधी साताऱ्याच्या एका बाईंनी २,४०० रुपयांचा माल मागवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "मी कऱ्हाडला माहेरी आलेय, तिकडंच पाठवा." आपांनी तिकडं पाठवला. महिन्याभराने बाईंनी बँकेकडे तक्रार केली की माल मिळालाच नाही.

आपांकडे पार्सलचा फोटो होता, कुरिअरची पावती होती, माल पोहोचल्याची नोंदही होती. पण ऑर्डरवरचा पत्ता साताऱ्याचा आणि नोंद कऱ्हाडची. सही कोणाची ते वाचता येईना. फोनवरच्या बोलण्याचा तर कागदच नाही. पेमेंट कंपनीने बाईंचे पैसे परत केले. बाई खोटं बोलतात असं आपा म्हणत नाहीत, आम्हीही म्हणणार नाही. पार्सल तिसऱ्याच कोणी घेतलं असेल. नुकसान मात्र आपांचं झालं.

सूरह बकराची २८२वी आयत कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे, आणि ती देण्याघेण्याच्या लिखापढीबद्दल आहे. मुदतीचा व्यवहार लहान असो की मोठा, लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय. हातोहात सौद्याला तेवढी सूट आहे. ऑनलाइन सौदा हातोहात कुठं असतो? पण आपल्या घरांत लिहून मागायचाच संकोच. समोरच्याला राग येईल म्हणून आपण गप्प बसतो.

आता पत्ता बदलायचा असेल तर आपा जुनी ऑर्डर रद्द करून नवी करायला लावतात. माल स्पीड पोस्टने पाठवतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून त्यात ओटीपी सांगितल्यावरच वस्तू हाती देण्याची सोय आहे, ५ रुपये आणि जीएसटी जादा देऊन. पावतीवर वजन असतं, "पुडा कमी भरला" अशी तक्रार आली तर ते कामाला येतं. पार्सल पोहोचलं की त्याच दिवशी नोंदीचा स्क्रीनशॉट काढून ठेवतात.

आणखी एक चूक झाली होती. तक्रारीचा ईमेल आपांच्या मुलाच्या फोनवर गेला. मुलगा पुण्याला, त्याने तो चार दिवसांनी पाहिला. उत्तराची मुदत संपत आली होती, घाईत जे सापडलं ते पाठवलं. आता ईमेल आपांच्याच फोनवर येतो.