स्लॅबला पाणी कोण मारणार?

सेमिस्टर सुरू झालं की पहिल्या सोमवारी पहाटे सहाला ग्राउंडवर किती गर्दी असते ते आठवा. नवे बूट, नवा ट्रॅकसूट आणि एकमेकांना ‘काय रे, तू पण?’ आणि पंधरा दिवसांनी? सर, सरांची शिट्टी आणि बोटांवर मोजण्याइतके भिडू. रेक्टर म्हणतात, पोरं आळशी. पोरं म्हणतात, सबमिशन आहे. मला विचाराल तर खरं कारण तिसरंच आहे. ते क्लासमध्ये नाही, क्लास सुटल्यानंतर आहे.

माझंच सांगतो. फर्स्ट इयरला मीही मोठ्या जोशात गेलो आणि पहिल्याच दिवशी शंभरेक बैठका मारल्या. त्या दिवशी काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र हॉस्टेलचा जिना उतरताना कठडा धरावा लागला. वाटलं, काहीतरी कायमचं मोडलं! सरांना विचारावं, तर क्लास संपताच सर स्टेशनच्या वाटेला लागलेले. मग मी एक दिवस गेलो नाही, दोन दिवस गेलो नाही, आठवडा गेला. कोणी विचारलं नाही. पुढे मी सकाळी सहाला फक्त कूस बदलू लागलो.

नंतर वाचलं तेव्हा कळलं, की सवय नसताना व्यायाम केला की स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं 24 ते 72 तासांत सर्वांत जास्त जाणवतं. आपण जिममध्ये ‘लॅक्टिक अॅसिड साचलंय’ असं ठोकून देतो, पण ते तर साधारण तासाभरात निघून गेलेलं असतं. तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केला की त्रास बराच कमी होतो. ‘दोन दिवसांनी दुखेल, घाबरू नको, हलकं चाल आणि ये,’ एवढं एक वाक्य कोणी सांगितलं असतं तर मी टिकलो असतो. आणि दुसरी बाजूही आहे. दुखणं असह्य झालं, सूज आली, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर तो आळस नव्हे. ताबडतोब डॉक्टर गाठायचा असतो. हेही बहुधा क्लासमध्ये कळत नाही, एक-दोन दिवसांनी कळतं.

म्हणजे नवख्या माणसाला शिक्षकाची खरी गरज कधी? शिट्टी वाजत असताना नाही. तिसऱ्या दिवशी, जिन्यावर!

सिव्हिलवाल्यांना हे लगेच पटेल. काँक्रीट ओतलं म्हणजे स्लॅब झाला का? निदान सात दिवस पाणी मारावं लागतं, आणि ताकद मोजायची ती 28 दिवसांनी. ओतताना सगळे हजर असतात. पाणी मारायला कोण आहे, त्यावर स्लॅब ठरतो. आपले फिटनेसचे क्लास म्हणजे नुसतं ओतणं झालंय.

आपल्याकडे ही जाण नवी नाही. कोल्हापूरच्या तालमीत पठ्ठे राहतातच तालमीत. माती अंगावरून झटकली तरी वस्तादाची नजर सुटत नाही. खुराक काय घेतला, झोप झाली का, आज पोरगा गप्प का, सगळं त्याच्या ध्यानात असतं. खाशाबा जाधवांचं उदाहरण तर आपल्या स्टाफनेही लक्षात ठेवावं असं आहे. 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असं सांगतात. खाशाबांनी ब्राँझ आणलं. आणि आचरेकर सर? स्कूटरवर मागे बसवून ते सचिनला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. 16 नोव्हेंबर 2013 ला वानखेडेवर निरोप घेताना सचिनने त्या स्कूटरची आठवण काढली.

आता कोणी म्हणेल, आमच्या सरांनी घर गहाण ठेवायचं का? नाही हो! सरांना तासाचे पैसे मिळतात आणि परतीची गाडी पकडायची असते. 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल आली खरी, पण वाणगावला एक चुकली की पुढची केव्हा, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. म्हणून माझा राग सरांवर नाही, हिशेबावर आहे. क्लासनंतरची दहा मिनिटं जिमखान्याने कामाच्या वेळेत धरावीत आणि त्यांचे पैसे द्यावेत. मग सरांनी एवढंच करावं: एका साध्या वहीत नावं लिहावीत. नव्या मुलाला तिसऱ्या दिवशी विचारावं, ‘कुठं दुखतंय?’ दोन दिवस न आलेल्याचा निरोप त्याच्या रूममेटकडून घ्यावा. सगळ्यांसमोर वजन विचारू नये. ओळख झाली म्हणून पावडरचे डबे विकू नयेत. बोईसरला जिम लावून तीन महिन्यांची फी भरणारे आणि पंधरा दिवस जाणारे आपल्या विंगमध्ये काय कमी आहेत? त्यांनाही पावडर सगळ्यांनी विचारली, तब्येत कोणी विचारली नाही.

मर्यादाही हवी. विचारपूस ग्राउंडवर, चारचौघांत. लेडीज हॉस्टेलच्या बाबतीत तर रात्रीचे वैयक्तिक मेसेज नकोतच. एक मुलगी प्रतिनिधी नेमावी, निरोप तिच्यामार्फत जावेत. व्हॉट्सअॅप ग्रुप आहे म्हणाल, तर त्यावर गुड मॉर्निंगची फुलं पडतात. ‘मला दुखतंय’ असं दीडशे जणांसमोर कोण लिहिणार?

आणि आपण तरी कुठे धुतल्या तांदळाचे? शेवटची शिट्टी झाली की पोहे संपतील म्हणून आपणच मेसकडे धूम ठोकतो. सर थांबले तरी बोलायला समोर कोणी हवं ना!

बघा पटतंय का. नसेल पटत तर उद्या सकाळी सहाला ग्राउंडवर या, भांडू. पण क्लास संपल्यावर!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल